आशाताईच्या वहीत नसलेली बाई

शिवाजीनगरच्या साखर संकुलावरून मी रोज शाळेत जातो. कोणत्या कारखान्याने किती ऊस गाळला, याचा हिशेब त्या इमारतीत असतो. तो ऊस तोडणाऱ्या गरोदर बाईचा हिशेब मात्र कुठेच लागत नाही.

दिवाळीच्या सुमारास बीडहून कोयता निघतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाच्या उचलीला बांधलेली. बाईचं नाव गावच्या आशाताईच्या वहीत राहतं, बाई कारखान्याच्या पालावर. तिथल्या आशाताईच्या वहीत ती नसतेच. मग आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतं, "आशा पालावर फिरकत नाहीत." अहो, हजार वस्तीमागे एक आशा हा हिशेब गावच्या लोकसंख्येवर बेतलेला, हंगामात वाढलेली माणसं त्यात कुणी धरली? वर सरकारदरबारी ती कर्मचारी नाही, 'स्वयंसेविका'. जाब मात्र नोकरासारखा विचारायचा!

२०१९ मध्ये नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीपुढे बीडचे आकडे आले. तपासलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. जवळपास सहा जणींमागे एक. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून दुखणं अंगावर काढायचं, नाहीतर पिशवीच काढून टाकायची.

आपल्या तंजीमाही आरोग्य शिबिरं घेतात, पण कोंढव्यात आणि मोमीनपुऱ्यात. एखादं पालावर न्या, तिथल्या आशाताईला विचारून. पण शिबिराने सरकारची सुटका होत नाही. गाळप परवान्यातच अट घाला : पालांसाठी वेगळी आशाताई, हंगामभर, पगारी, आणि पगार कारखान्याने द्यायचा. परवाना याच साखर संकुलातून निघतो.