अंतराळातील फौजा आणि भारताची तटस्थता

20 डिसेंबर 2019 रोजी अमेरिकेने 'स्पेस फोर्स' हे स्वतंत्र सैन्यदल उभे केले. कारण सांगितले चीन आणि रशियाचे. रशियाने 2015 मध्येच हवाई व अंतराळ दले एकत्र केली होती. चीनने त्याच वर्षी स्थापलेले सामरिक साहाय्य दल 2024 मध्ये मोडून अंतराळासाठी वेगळे दल काढले. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून आपली फेररचना करतो.

आमचा सवाल साधा आहे : यातून कोण सुरक्षित झाले? नोव्हेंबर 2021 मध्ये रशियाने आपलाच जुना उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. 1500 हून अधिक तुकडे कक्षेत पसरले. अंतराळ स्थानकातील अंतराळवीरांना यानांत आसरा घ्यावा लागला. त्यांत रशियाचेही अंतराळवीर होते!

1967 चा अंतराळ करार कक्षेत अण्वस्त्रे ठेवायला मनाई करतो, पण जमिनीवरून उपग्रह फोडायला नाही. डिसेंबर 2022 मध्ये अशा चाचण्या थांबवण्याचे आवाहन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मताला आले. चीन-रशियाने विरोध केला. 2019 मध्ये 'मिशन शक्ती'त स्वतः उपग्रह पाडणारा भारत तटस्थ राहिला. ही तटस्थता आम्हाला मान्य नाही. सरकारला याचा जाब आपणच विचारला पाहिजे.