मंदावलेली नाडी आणि 'वय झाले' हे उत्तर

घरातील सत्तरी ओलांडलेली आजी काही महिन्यांपासून पूर्वीसारखी हिंडत-फिरत नाही. मंदिराच्या चार पायऱ्या चढताना तिला दम लागतो, दुपारी बसल्या जागी डोळ्यांपुढे अंधारी येते आणि एखाद्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच ती कोसळते. मिनिटभरात शुद्धीवर येते, घोटभर पाणी पिते आणि 'काही नाही, जरा भोवळ आली' असे म्हणून पुन्हा कामाला लागते. घरातील मंडळी म्हणतात, वय झाले. त्या दिवशी उपवास असेल तर दोष उपवासाकडे जातो. तिची नाडी मोजून पाहावी, हे मात्र कोणालाच सुचत नाही.

निरोगी प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारणतः 60 ते 100 ठोके देते; म्हणजे दिवसाकाठी सुमारे एक लाख. हे ठोके ज्या विद्युत्-संदेशामुळे पडतात, तो हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातील 'सायनस नोड' नावाच्या पेशीसमूहात जन्म घेतो. तेथून तो मध्यभागातील दुसऱ्या केंद्रातून खालच्या कप्प्यांकडे जातो आणि ते कप्पे आकुंचन पावून रक्त शरीरभर ढकलतात. वाढत्या वयात या पेशींची जागा तंतुमय ऊती घेऊ लागतात. कधी संदेश निर्माण होण्यातच खंड पडतो, तर कधी तो वाटेत अडतो. या अडथळ्याला 'हार्ट ब्लॉक' म्हणतात. रक्तवाहिनीतील 'ब्लॉकेज' हा निराळा आजार आहे. पहिला विजेच्या तारेतील बिघाड, तर दुसरा पाण्याच्या नळातील. नावांच्या सारखेपणामुळे अनेक कुटुंबांत या दोहोंची गल्लत होते.

नाडी मंद असणे म्हणजे नेहमीच आजार नव्हे. नियमित व्यायाम करणाऱ्यांची नाडी पन्नासच्या आसपास असू शकते आणि झोपेत ती सर्वांचीच कमी होते. मंद नाडीसोबत चक्कर, अकारण थकवा, चालताना दम लागणे, गोंधळल्यासारखे होणे किंवा शुद्ध हरपणे ही लक्षणे असतील, तर मात्र ती गंभीर बाब समजावी. पूर्वसूचनेशिवाय बेशुद्ध होऊन पडणाऱ्या वृद्धाचे खुब्याचे हाड मोडते, डोक्याला मार लागतो. आणि संदेशाचा मार्ग पूर्णपणे बंद झाल्यास प्राणावरही बेतू शकते.

अशा वेळी पहिली तपासणी असते ईसीजीची. ठोके अधूनमधूनच मंदावत असतील तर त्या काही सेकंदांच्या आलेखात दोष सापडेलच असे नाही. म्हणून 24 तास किंवा त्याहून अधिक काळ नोंद करणारे 'होल्टर' यंत्र लावतात. पेसमेकरचा निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टर दूर करता येण्याजोगी कारणेही शोधतात. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, थायरॉइडची कमतरता आणि रक्तातील पोटॅशियमची वाढ यांमुळेही नाडी मंदावते. मूत्रपिंड दुर्बल असलेल्या व्यक्तीने अशा गोळ्या चालू ठेवून निर्जळ उपवास केल्यास धोका वाढतो. म्हणून औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांनी दीर्घ तपश्चर्येपूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा आणि गोळ्या परस्पर बंदही करू नयेत.

कारण दूर होण्यासारखे नसेल, तर नाडी वाढवून ती कायम टिकवणारी भरवशाची गोळी आजही उपलब्ध नाही. उपाय आहे तो पेसमेकर. त्याची सुरुवात एका पत्नीच्या हट्टातून झाली. स्वीडनमधील 43 वर्षांच्या आर्ने लार्सन यांना हृदयाचे ठोके थांबल्यामुळे दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्धीचे झटके येत असत. त्यांच्या पत्नी एल्से-मारी यांनी शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंता रुने एल्मक्विस्ट यांचा पिच्छाच पुरवला. यंत्र अद्याप तयार नाही, हे उत्तर त्यांनी मानले नाही. अखेर बूटपॉलिशच्या डबीचा साचा वापरून ओतलेले छोटे यंत्र 8 ऑक्टोबर 1958 रोजी लार्सन यांच्या शरीरात बसवण्यात आले. ते काही तासांतच बंद पडले आणि दुसरे बसवावे लागले. पुढे आयुष्यभरात त्यांना वीसहून अधिक पेसमेकर लागले. परंतु ते 86 वर्षांचे होऊन 2001 मध्ये कर्करोगाने निवर्तले. तोवर सेनिंग आणि एल्मक्विस्ट हे दोघेही काळाच्या पडद्याआड गेले होते.

आजचा पेसमेकर आगपेटीहून लहान असतो. छातीच्या वरच्या भागात, खांद्याजवळ त्वचेखाली तो ठेवतात आणि एक-दोन बारीक तारा शिरेतून हृदयापर्यंत नेतात. छाती उघडावी लागत नाही. बहुधा ती जागा बधिर करून तासा-दीड तासात काम होते. हे यंत्र हृदयावर लक्ष ठेवते. नैसर्गिक ठोका वेळेवर पडला तर गप्प राहते, न पडल्यास सूक्ष्म विद्युत्-स्पंद देते. बॅटरी साधारणतः आठ ते बारा वर्षे चालते. ती संपत आल्याची सूचना तपासणीत आधीच मिळते आणि तारा सुस्थितीत असल्यास केवळ यंत्र बदलता येते.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये आणि जड ओझे उचलू नये; पण भीतीपोटी हात अगदी बांधूनही ठेवू नये, खांदा आखडतो. जखमेवर लाली, सूज, स्राव किंवा ताप दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे. घरातील मिक्सर, टीव्ही, फ्रीज वापरण्यास हरकत नाही. मोबाइल त्या बाजूच्या खिशात न ठेवता यंत्रापासून किमान 15 सेंटिमीटर दूर असावा आणि इंडक्शन शेगडीपासून साधारण 60 सेंटिमीटर अंतर राखावे. पेसमेकरचे ओळखपत्र सदैव जवळ बाळगावे. एमआरआय, अन्य शस्त्रक्रिया किंवा विजेचा शेक घेण्यापूर्वी ते दाखवावे. ठरलेली तपासणी चुकवू नये.

अनेक ज्येष्ठांच्या मनात एक शंका असते. ती ते मुलांपुढे सहसा बोलून दाखवत नाहीत. हे यंत्र शेवटच्या क्षणी प्राण अडकवून ठेवील काय, नुसते कुडीला जिवंत ठेवील काय? तसे होत नाही. पेसमेकर केवळ संदेश देतो. त्या संदेशाला प्रतिसाद देण्याचे काम हृदयाच्या स्नायूचे. अंतसमयी तो स्नायू प्रतिसाद देईनासा होतो आणि यंत्राचे स्पंद निष्फळ ठरतात. या शंकेपायी उपचार नाकारणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे शांतपणे समजावून सांगणे, हे घरातील जाणत्यांचे कर्तव्य आहे.

याच अनुषंगाने एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावी. देहाला अग्निसंस्कार देण्यापूर्वी पेसमेकर काढून घेणे आवश्यक असते, कारण उष्णतेने त्याची बॅटरी फुटू शकते आणि चितेजवळच्या व्यक्तींना इजा होऊ शकते. दुःखाच्या घडीला याचे स्मरण राहत नाही. म्हणून निदान दोघा आप्तांना ही माहिती आधीच असावी.

नाडी मोजण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून, घड्याळ पाहत पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. स्वस्थ बसलेले असताना आकडा वारंवार पन्नासच्या खाली येत असेल, किंवा नाडी मंद असून भोवळ येत असेल, तर आठवडाभर वाट न पाहता ईसीजी काढून घ्यावा. शुद्ध हरपली असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि निदान होईपर्यंत त्या व्यक्तीला वाहन चालवू देऊ नये. महिन्यातून एकदा आजी-आजोबांजवळ बसून त्यांची नाडी मोजण्याचे काम घरातील नातवंडांकडेही सोपवता येईल.