सातशे साठ रुपयांची मेथी

आमच्या गॅलरीत पिकणाऱ्या मेथीची एक जुडी मला ७६० रुपयांना पडते. दचकू नका, हा हिशेब माझा नव्हे. मी बँकेतला कारकून. तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज जुळवण्यात गेली. घरच्या मेथीची बेरीज करावी असं कधी मनातही आलं नाही. हा हिशेब माझ्या धाकट्या मेहुण्याचा. तो पुण्याला एका कंपनीत सल्ला देतो. सल्ल्याचे पैसे मिळतात, हे मला त्याच्याकडे पाहून कळलं. आमच्या घरी मात्र तो फुकट देतो.

गेल्या महिन्यात एका रविवारी तो डोंबिवलीला आमच्याकडे आला. मी गॅलरीत फुटक्या बादलीतली मेथी उपटत बसलो होतो. त्याने टेबलावरचं विजेचं बिल उचललं, पाठ कोरी असल्याची खात्री केली आणि पेन काढलं.

“हे बघा भाऊजी, तुमचा एक तास ३०० रुपयांचा धरू. माती उकरायला अर्धा तास. पाणी घालायला रोज पाच मिनिटं, असे चोवीस दिवस, म्हणजे दोन तास. झाले ७५०. दाण्यांचे १० धरा. ७६०! फोनवर सांगितलं तर वीस-तीस रुपयांत जुडी येते, तीही चहा निवायच्या आत. तुमची मेथी परवडत नाही, भाऊजी.”

मीही कॉमर्सचा पदवीधर आहे. कॉस्टिंगच्या पेपरात एकदा गटांगळी खाल्ली असली, तरी नंतर काठाला लागलो आहे. पण माझी एक अडचण आहे. मला उत्तरं सुचतात ती दुसऱ्या दिवशी गाडीत, आणि तिथे दोन्ही हात अडकलेले असताना ती कुणाला ऐकवता येत नाहीत. म्हणून इथे लिहितो.

पहिलं उत्तर असं. माझा तास ३०० रुपयांचा व्हायला कुणीतरी तो विकत घ्यायला हवा की नको? सकाळी सहा वाजता माझ्या गॅलरीखाली गिऱ्हाइकांची रांग लागलेली मी पाहिलेली नाही. बँक तर माझे ठरलेले तास सोडून एक मिनिटही विकत घेणार नाही. मग मी मेथीला पाणी घालायचं थांबवलं, तर त्या पाच मिनिटांचे पंचवीस रुपये मला कोण देणार? कुणी नाही. मी ती फोन चाळण्यात घालवीन, आणि वर नेटपॅकचे पैसे भरीन.

‘वेळ वाचतो, वेळ वाचतो’ असं हल्ली जो तो म्हणतो. तयार पोळ्या आणल्या, वेळ वाचला. चिरलेली भाजी आणली, सोललेला लसूण आणला, वेळ वाचला. बँकेतल्या माणसाचा यावर एकच प्रश्न असतो: बचत केलीत ना? मग पासबुक दाखवा! वाचलेला वेळ कुठल्या खात्यात जमा झाला? आमच्या मेहुण्याला कणीक मळायला वेळ नाही. पण गेल्या महिन्यात तो मातीची भांडी करायच्या दोन दिवसांच्या शिबिराला दीड हजार रुपये भरून गेला होता आणि तिथून परमसंतोषाने सांगत आला की, हाताने काहीतरी मळण्यात फार शांती असते. म्हणजे चिखल मळायला पैसे द्यायचे, आणि कणीक मळणं परवडत नाही!

दुसरं उत्तर जरा शास्त्रोक्त आहे. आमचा कॉमर्सचा सगळा डोलारा उभा आहे ॲडम स्मिथच्या टाचणीच्या टोकावर. १७७६ साली त्याने लिहून ठेवलं की एकटा माणूस दिवसभरात वीस टाचण्यासुद्धा करू शकणार नाही, पण दहा जणांनी काम वाटून घेतलं तर दिवसाला ४८,००० होतात. हे परीक्षेला यायचं, म्हणून आम्ही पाठ केलं. त्याच ग्रंथात खूप पुढे तो असंही म्हणतो की, जो माणूस जन्मभर दोनचार ठरावीक कामंच करत राहतो त्याची बुद्धी मंद होत जाते. हा भाग आम्हाला कुणी शिकवला नाही. बहुधा त्यामुळेच आम्ही सगळे नोकरीला लागलो.

बँकेत माझ्या हातून जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीचा आरंभ मला दिसत नाही आणि शेवटही दिसत नाही. कागद एका टेबलावरून येतो, दुसऱ्या टेबलावर जातो. मेथीचं तसं नाही. रात्री दाणे भिजवायचे, सकाळी पसरायचे, वर बोटभर माती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोक्यावर दाण्याचं टरफल टोपीसारखं घालून कोंब वर येतो. मग तो टोपी टाकतो आणि दोन पानं उघडतो. पेरण्यापासून फोडणीपर्यंत सगळं मीच. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आहे. ही काय ७६० रुपयांत महाग झाली?

इथवर वाचून काही ज्येष्ठ मंडळी माना डोलवू लागली असतील. आमचे तात्याकाका तर टाळीसाठी हात पुढे करतील. “अरे, घरच्या ताकाची सर कशाला नाही! आमच्या वेळी पापड, कुरडया, मेतकूट, सगळं घरी व्हायचं!” व्हायचं, हे खरं. पण त्या ‘व्हायचं’मध्ये कर्ता कुठे आहे? तात्याकाकांना ताकाची रवी कुठल्या खुंटीला टांगलेली असे, ते आजही सांगता यायचं नाही. माझा खरा वाद मेहुण्यापेक्षा तात्याकाकांशी आहे. आणि तो इतका कडवट आहे, याचं कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी स्वतःच तात्याकाका होतो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात सौ. जिन्यात घसरली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. लग्नाला वीस वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी मी जेवताना सवयीने म्हणालो, “दही?” आणि ती तितक्याच शांतपणे म्हणाली, “अहो, लावलं कुणी?”

दही लावावं लागतं, ही बातमी मला नवी होती असं नाही. पण ते आपोआप लागतं, अशी माझी मनातून समजूत होती. त्या रात्री मी उकळत्या दुधात चमचाभर दही घातलं. सकाळी दूध फाटून पाणी वेगळं झालं होतं. दुसऱ्या रात्री शहाणा होऊन फ्रीजमधल्या थंड दुधात घातलं. सकाळी दूध दूधच होतं, आणि तळाशी कालचं दही जसंच्या तसं बसलं होतं. तिसऱ्या रात्री मी थर्मामीटर शोधू लागलो, तेव्हा खुर्चीत बसून ती म्हणाली, “करंगळी बुडवून बघा. ऊब जाणवली पाहिजे, पण बोट बाहेर काढावंसं वाटता कामा नये.” फार गरम दुधात विरजणातले जंतू मरतात आणि थंड दुधात झोपून राहतात, एवढं शास्त्र त्या करंगळीत होतं. चौथ्या दिवशी सकाळी वाटी तिरकी केली आणि दही हललं नाही. पदवीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

मी हौसेने फुशारकी मारू लागलो. घरच्या दह्याचा आनंद, स्वावलंबनाचं सुख, वगैरे. प्लास्टर निघाल्यावर महिनाभराने सौ. एकदाच बोलली. “तुम्हाला आनंद होतो, कारण तुम्ही विसरलात तरी सकाळी दही असतं. मी लावते म्हणून.”

यावर मला गाडीतही उत्तर सुचलं नाही. साधं सुख म्हणतात ते असं असतं. ज्याला ते आयतं मिळतं, त्याला ते साधं वाटतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशातल्या लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. आणि हे ९७ वालेसुद्धा शंभरात २६ होते. उरलेले ७४ बहुधा घरच्या चवीची तारीफ करत असावेत.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. घरात सगळं घरी करायलाच हवं असं मी मुळीच म्हणत नाही. पापड मी विकत आणतो आणि अभिमानाने आणतो. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला आणि ज्या कामाची घरात कुणी नोंद ठेवत नव्हतं, त्याचा बाजारात दाम वसूल केला. त्याला माझा नमस्कारच आहे. पण धडधाकट हातापायांच्या प्रत्येक माणसाच्या नावावर घरातलं एक तरी काम असावं. हौसेचं नव्हे, नेमाचं. त्याने केलं नाही तर ते होणार नाही, असं. आमच्या घरी दही आता माझ्या खात्यावर आहे. मी विसरलो तर त्या दिवशी घर कोरडा भात खातं आणि माझ्याकडे बघतं.

परवा मेहुणा पुन्हा आला. मी तेच विजेचं बिल काढलं आणि त्याच्याच दराने दुसरा हिशेब मांडला. दही लावायला रोज पाच मिनिटं. वीस वर्षांच्या रात्री ७,३००. तासाला ३०० प्रमाणे १,८२,५०० रुपये. “हे तुझ्या ताईचं माझ्याकडे येणं,” मी म्हणालो. “फक्त दह्याचं. पोळ्यांचं खातं मी उघडलंच नाही, प्रॉव्हिडंट फंडाबाहेर जाईल.”

त्याने बेरीज दोनदा तपासली. बरोबर होती. तेवढ्यात त्याची ताई आतून म्हणाली, “आणि तुझ्या घरी तुझ्या बायकोचा दर काय आहे रे?”

तो काही बोलला नाही. मेथीची भाजी त्याने दोनदा वाढून घेतली, म्हणजे माझ्या अंदाजाने चारशे रुपयांची. निघताना सौ.ने स्टीलच्या डबीत विरजण दिलं. ते त्याने मुकाट्याने पिशवीत ठेवलं.

काल रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. आवाज पडलेला होता.

“भाऊजी, दोन दिवस झाले, दही लागत नाहीये.”

मी शक्य तितक्या सल्लागारी थाटात विचारलं, “करंगळी बुडवली होतीस का?”