बॉम्ब आधी दिसू द्या

दोन हात बॉम्बच्या घड्याळाची चावी फिरवतात. स्फोटाला तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ उरतो. एक माणूस भिंतीच्या कडेने धावत येतो, उघड्या मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवतो आणि अंधारात पसार होतो. लगोलग एक पुरुष आणि एक बाई येऊन त्याच मोटारीत बसतात. मोटार सुरू होते.

ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) या चित्रपटाची ही सुरुवात. पुढची तीन मिनिटे कॅमेरा एकदाही कट न घेता मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरच्या गावातून फिरत राहतो. कधी तो छपरांवरून जातो, कधी रस्त्यावर उतरतो. मोटार पोलिसाच्या हाताच्या इशाऱ्यावर थांबते, मग शेळ्यांच्या कळपामुळे अडते. नवे लग्न झालेले एक जोडपे रमतगमत तिच्या आसपास चालत असते. मोटार जवळ आली की प्रेक्षकाचा जीव वर येतो, पुढे गेली की त्याला थोडे हायसे वाटते. सीमेच्या चौकीवर तर मोटार आणि ते जोडपे शेजारी उभे! मोटारीतली बाई पहारेकऱ्याला सांगते की तिच्या डोक्यात टिकटिक ऐकू येते आहे. तिकडे कुणाचे लक्षच नसते.

मराठीत अशा चित्रपटांना सरसकट ‘रहस्यपट’ म्हणण्याची पद्धत आहे आणि हा शब्द थोडी दिशाभूल करतो. दिग्दर्शकाचे काम लपवण्याचे आहे, असे त्यातून वाटते. प्रत्यक्षात छातीत धडधड होते ती माहिती असल्यामुळे. दिग्दर्शक हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला हेच समजावून सांगितले होते. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. तोच बॉम्ब त्याला आधी दाखवला, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही त्याला असह्य होतात.

वेल्सच्या या शॉटवर स्टुडिओने श्रेयनामावली चढवली आणि हेन्री मॅन्सिनीचे दमदार संगीत वाजवले. संगीत उत्तम होते, पण तिथे नको होते. वेल्सने ५८ पानांचे टिपण लिहून आपले म्हणणे मांडले. १९९८ मध्ये संकलक वॉल्टर मर्चने त्या टिपणाच्या आधारे चित्रपट पुन्हा संकलित केला. सुरुवातीची नावे गेली आणि दारूच्या अड्ड्यांमधली गाणी, मोटारीतला रेडिओ ऐकू येऊ लागला. त्यामुळे मोटार पडद्यावर नसतानाही रेडिओच्या आवाजावरून ती कुठे आहे हे कळते. दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ पाहाव्यात. दुसरीत ती तीन मिनिटे फार लांब वाटतात.

वेल्सच्या कितीतरी आधी, १९३१ मध्ये, फ्रिट्झ लांगने ‘एम’मध्ये बॉम्बशिवाय हे साधले होते. बर्लिनमधल्या एका चाळवजा इमारतीत आई लेकीच्या जेवणाची ताटली मांडते. घड्याळात बाराचे टोले पडतात. तिकडे चिमुरडी एल्सी रस्त्यात चेंडूला टप्पे देत खेळते. चेंडू आपटतो तो १० हजार मार्कांच्या इनामाच्या जाहिरातीवर, आणि मुलांच्या खुन्याला पकडण्यासाठीच्या त्या जाहिरातीवर एका माणसाची सावली पडते. मग रिकामा जिना, रिकामी ताटली, गवतात घरंगळणारा चेंडू, तारांत अडकलेला फुगा. खून दाखवलेला नाही. पण जिन्यावर पाऊल वाजले की आईबरोबर प्रेक्षकही कान टवकारतो, आणि येणाऱ्या मुली दुसऱ्याच कुणाच्या तरी असतात.

आजच्या कित्येक वेब मालिकांची सुरुवात मात्र एकाच साच्यातली असते. पाऊस, धावणारा माणूस, रक्ताने माखलेले हात, आणि लगेच पाटी: ‘तीन महिन्यांपूर्वी’. इथेही प्रेक्षकाला आधीच काही सांगितलेलेच असते, मग बिघडते कुठे? वेल्सचा बॉम्ब पात्रांच्या सोबतीने पुढे सरकत असतो आणि अजून काहीही घडू शकते. इथे जे घडायचे ते घडून गेले आहे, तेही अनोळखी माणसाच्या बाबतीत. प्रेक्षक दुसरीकडे वळेल या धास्तीने लावलेले हे आमिष आहे.

खिळवून ठेवायला रक्त लागत नाही. बी. आर. चोप्रांच्या ‘कानून’मध्ये (१९६०, एकही गाणे नसलेला हिंदी चित्रपट!) सुरुवातीलाच आरोपी कोर्टात सांगतो की ज्याच्या खुनाचा खटला चालू आहे, त्याच माणसाच्या खुनाची शिक्षा त्याने आधीच भोगली आहे. आता एकाच खुनासाठी दुसऱ्यांदा शिक्षा कशी देणार? निव्वळ एका प्रश्नावर प्रेक्षक खुर्चीच्या कडेला येऊन बसतो.

अशी सुरुवात जपण्याची जबाबदारी चित्रपटगृहांचीही आहे. त्याच १९६० साली ‘सायको’ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचे नाही, अशी अट हिचकॉकने घातली. चित्रपटगृहांनी ती पाळली आणि लोक बाहेर रांगेत थांबले. आपल्याकडे मात्र थरारपटाच्या ऐन पहिल्या दृश्यात मोबाइलचा टॉर्च लावून खुर्चीचा नंबर शोधला जातो आणि पाठोपाठ पॉपकॉर्नचा ट्रे येतो. इतक्या जाहिराती दाखवून झाल्यावर निदान पहिली दहा मिनिटे दार बंद ठेवायला काय हरकत आहे?