खांदा आखडण्यापूर्वी



खामगावच्या शाखेत असताना मी सहकाऱ्यांना एक नियम ऐकवीत असे : कर्जाचा पहिला हप्ता चुकला की त्याच आठवड्यात चौकशी करावी. घरात मात्र मी तो पाळला नाही. सौभाग्यवतीचे वय तेव्हा ५२. फडताळातील वरचा डबा काढताना तिचा उजवा हात अडे, अंबाडा घालता येईना, रात्री त्या कुशीवर झोप लागेना. ‘वाताचे दुखणे असेल’ असे म्हणून मी तेलाची बाटली आणून दिली. त्यात चार महिने गेले.

अस्थिरोगतज्ज्ञांनी कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळविण्यास सांगितले. तो वळेना. त्यांनी स्वतः वळवून पाहिला, तरीही नाही. एक्स-रे निर्दोष होता. निदान झाले ‘फ्रोझन शोल्डर’चे. हे नाव बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये रूढ केले. यात सांध्याभोवतीचे आवरण सुजते, जाड होते आणि आकसते. चाळीस ते साठ या वयात, त्यातही स्त्रियांत, हा विकार अधिक आढळतो. आधी वेदना, मग आखडलेपण, मग हळूहळू मोकळीक. या तीन अवस्थांना बहुधा एक ते तीन वर्षे लागतात.

त्याच वेळी रक्ततपासणीत तिचा मधुमेहही उघड झाला. मधुमेह व थायरॉईडच्या रुग्णांत हा त्रास जास्त होतो. दुकानाच्या गादीवर दिवस काढणाऱ्या आपल्या घरांत मधुमेह परका नाही, म्हणून खांदा धरला तर साखरही तपासावी.

पहिल्या अवस्थेत दोन चुका टाळाव्यात : हात गळ्यात बांधून ठेवणे आणि कोणाकडून जोराने ओढून घेणे. शेक घ्यावा. मग चांगल्या हाताने टेबलाचा आधार घेऊन पुढे वाकावे आणि दुखरा हात सैल सोडून लंबकासारखा हलके झुलवावा. सोसेल तेवढेच, पण रोज. सांध्यातील स्टेरॉईडचे इंजेक्शन याच काळात अधिक उपयोगी पडते. मात्र त्याने काही दिवस साखर वाढू शकते, तेव्हा मधुमेह असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. चौविहार वा उपवास असेल तर तेही सांगावे, कारण अनेक वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी घेता येत नाहीत.

सव्वा वर्षानंतर तिने मंदिरात दोन्ही हात मस्तकापर्यंत जोडले. त्या संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ मी सर्वप्रथम तिलाच म्हटले.