कोपीतील क्षय

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील गावे रिती होऊ लागतात. आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतून हजारो कुटुंबे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि कडेवरची मुले ओघानेच त्यांच्याबरोबर जातात. २०१९ साली ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचे प्रकरण विधिमंडळात गाजले, तेव्हा त्यांच्या आरोग्याकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. त्यांच्या मुलांचा तसा विचार अद्याप व्हावयाचा आहे. आणि क्षयरोगाच्या बाबतीत तर तो सत्वर व्हावयास हवा.

लहान मुलांचा क्षय हा मोठ्यांच्या क्षयाहून निराळा प्रश्न आहे. मुलाला त्याची बाधा बहुधा जवळच्याच माणसाच्या खोकल्यातून होते. कोपीच्या एका आडोशाखाली सारे कुटुंब झोपत असता ती टळावी कशी? मुलाला बेडका काढता येत नाही, म्हणून तपासणीत जंतू सहसा सापडत नाहीत. वजन न वाढणे, ताप रेंगाळणे ही लक्षणे. पण ती कुपोषणाच्या खाती जमा होतात. बी.सी.जी.ची लस मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून पुष्कळ रक्षण करते, तथापि पूर्ण अभय देत नाही. जगात दरवर्षी १२ लाखांहून अधिक मुलांना हा रोग जडतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांची नोंदच होत नाही.

शास्त्र येथे हतबल आहे असे मुळीच नव्हे. मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आहेत. घरात रुग्ण आढळल्यास पाच वर्षांखालील निरोगी मुलालाही प्रतिबंधक औषध देण्याचा दंडक आहे. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना पुरेसा शिधा दिल्याने त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. अडते ते अन्यत्र. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा आणि गळीत हंगामही जवळजवळ तेवढाच! गावात सुरू झालेले औषध फडावर तुटते आणि फडावर सुरू झालेले परतीच्या वाटेवर.

यास उपाय काय? कोणत्या कोयत्यास किती उचल दिली, याची चोख यादी प्रत्येक मुकादमाजवळ असते. पैशाचा माग जर कोल्हापूर-बेळगावपर्यंत ठेवता येतो, तर आजारी मुलाचा का ठेवता येऊ नये? ‘निक्षय’मधील रुग्णाची नोंद देशात कोठेही पाहता येते. प्रस्थानापूर्वी टोळीनिहाय तपासणी करावी, चालू उपचारांची यादी कारखान्याच्या तालुक्यास आगाऊ कळवावी आणि फडावर औषध व शिधा पोहोचविण्याचा भार कारखाने व गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ यांनी उचलावा. यांत अशक्य असे काहीच नाही.

२०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करण्याचा संकल्प २०१८ साली दिल्लीत सोडण्यात आला होता. ते साल सरले, क्षय राहिला. नव्या मुदती जाहीर करण्यापूर्वी, ज्याला स्वतःचा खोकलाही सांगता येत नाही अशा रुग्णापर्यंत पोहोचणे हे शासनाचे पहिले कर्तव्य होय.