मायक्रोफोनपुढचे मौन

सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. या निर्णयावर त्या वेळी पुष्कळ वादंग माजले. त्यात पुन्हा शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडत आहेत. दहा वर्षे त्यांनी इंग्रजी वाचले, लिहिले, त्यात उत्तीर्णही झाली. बोलली मात्र क्वचितच. त्यांच्या मागून आलेल्यांची स्थिती फारशी वेगळी नाही. दहावीला लेखी परीक्षेचे ८० गुण आणि तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे २०. हे २० गुण कसे मिळतात, ते शिक्षक आणि पालक दोघेही जाणून आहेत.

आता यंत्रच विद्यार्थ्याला बोलावयास सांगू लागले आहे. टोफेल परीक्षेने २००५ साली इंटरनेटवरील आपल्या नव्या स्वरूपात मायक्रोफोनवर उत्तर देण्याचा विभाग आणला. २००९ साली आलेल्या पीटीई परीक्षेत गुणांकनही मुख्यतः संगणकाकडे गेले. तिच्या एका प्रश्नात पडद्यावरील चित्र वा आलेख २५ सेकंद पाहायचा आणि ४० सेकंदांत त्याचे वर्णन करायचे. मध्ये तीन सेकंद शांतता पडली की मायक्रोफोन बंद. समोर माणूस असता तर शब्द शोधण्यासाठी घेतलेली ही उसंत त्याने सहज मान्य केली असती. याच धर्तीचा ऑनलाइन सराव आता भ्रमणध्वनीवर सर्वांना उपलब्ध आहे. यंत्र हसत नाही, कंटाळत नाही, हा त्याचा मोठाच गुण. पण विद्यार्थी का थांबला, हेही त्याला कळत नाही.

तेथे शेजारी माणूस लागतो. अनेकदा अडचण अगदीच क्षुल्लक असते. सरावाचे पान पहिल्यांदा उघडताना मायक्रोफोन वापरण्याची परवानगी मागितली जाते. घाबरून ती एकदा नाकारली की पुढे पुन्हा विचारणा होतेच असे नाही. ध्वनिमुद्रण कोरे येते आणि 'आपले इंग्रजीच ऐकण्याजोगे नाही' असा समज करून घेऊन मुलगा सराव सोडून देतो. कुठे पत्र्यावर पाऊस वाजत असतो, कुठे पंखा घरघरत असतो, कुठे इअरफोनची तार सदऱ्याला घासत असते. फोन वडिलांचा असल्याने तो हाती पडतो रात्री, घरात सगळे जागे असताना. आणि त्या सगळ्यांसमोर इंग्रजी बोलायचे म्हणजे मोठी परीक्षाच! गावातील अभ्यासिकेत दाराआडची एक शांत खोली आणि तासभर बसणारा एक जाणता कार्यकर्ता एवढे मिळाले, तरी यातील निम्म्याहून अधिक अडथळे दूर होतील.

उच्चारांची धास्तीही अशीच वाढवून ठेवलेली आहे. इंग्रजीतील दोन वेगळे ध्वनी मराठी माणूस एकाच 'व'वर भागवतो, हे खरे. पण 'ऍ' आणि 'ऑ' हे स्वर मराठीने केव्हाच आपलेसे केले आहेत. खरी उणीव आघाताची. नाम असेल तर 'रेकॉर्ड', आघात पहिल्या अवयवावर. क्रियापद असेल तर 'रिकॉर्ड', आघात दुसऱ्यावर. मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्याने हा भेद कोणी सांगितल्यावाचून ध्यानात येत नाही. तो दाखवून द्यावा. परदेशी ढंगाची नक्कल करावयास लावू नये.

सर्वांत घातक आहे तो पाठांतराचा उपाय. शिकवणी वर्ग तयार साचे देतात आणि विद्यार्थी कोणत्याही चित्राला तीच वाक्ये चिकटवतो. पीटीईने २०२५ मध्ये अशा ठोकळेबाज उत्तरांविरुद्ध गुणांकन अधिक कडक केले, ते योग्यच झाले. वस्तुतः आलेखात काय दिसते, हे ज्याला मराठीतही सलग ४० सेकंद सांगता येत नाही, त्याला इंग्रजीत ते कसे साधावे? शाळेत त्याला स्वतःचे उत्तर स्वतःच्या शब्दांत मांडावयास कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून पहिले ध्वनिमुद्रण मराठीतच होऊ द्यावे. काय सांगायचे ते एकदा बसले की तेच इंग्रजीत, कागद न पाहता, चुकत चुकत. मदत करणाऱ्याने मध्येच थांबवून व्याकरण सुधारू नये. उत्तर संपल्यावर दोघांनी मिळून ते ऐकावे. स्वतःचाच आवाज यंत्रातून परका वाटतो, हे अगोदर सांगून ठेवलेले बरे. पहिल्या दिवसाचे ध्वनिमुद्रण मात्र कितीही फसलेले असले तरी पुसू नये. महिन्याभराने ते नव्या उत्तराशेजारी ठेवून त्या मुलालाच ऐकवावे.